समुद्रालाही डोह असतो

सोनाजी, तू असतास तर हे मी लिहिलं नसतं. तुला अक्षर येत नव्हतं, म्हणजे लिहिलेलं वाचून मलाच दाखवावं लागलं असतं, आणि तुझ्यासमोर बसून हे वाचायची माझी छाती नाही. आता तू गेलास आणि मला लिहायला जोर आला. बघ, कसा शूर आहे तुझा दोस्त.

काल पैनगंगेच्या काठावर, आपल्या डोहाशीच, तुझा दहावा झाला. पिंड ठेवला आणि सगळे मागे सरकून बसले. मी घरून ठरवून आलो होतो. कावळा शिवेना की लोक एकेक करून पुढे होतात, 'लेकीचं आम्ही बघू', 'घराकडे लक्ष देऊ' असं काहीबाही कबूल करतात. तसा अडला, तर मी उठणार होतो आणि तीन वर्षं पोटात दाबून ठेवलेली गोष्ट सगळ्यांदेखत बोलणार होतो. आणि तू काय केलंस? लोक धड बसलेही नव्हते, तोच कावळा आला, शिवला आणि उडून गेला. 'मोठा समाधानी गडी,' कोणीतरी म्हणालं. मला मात्र तुझा रागच आला. जन्मात एकदा सोडलं तर तू मला कशात अडवलं नाहीस, आणि काल अडवायला हवं होतं तर कालही नाही.

ते 'एकदा' काय, हेच मला सांगायचं आहे.

माझा मळा डोहाला लागून, तुमची भोयांची आळी डोहाच्या वरच्या अंगाला. मी वांग्याच्या वाफ्यात पाणी धरायचो आणि तू जाळं फेकायचास. तुझं जाळं हवेत उघडताना बघायला मी वाफ्याचं दार तसंच उघडं सोडून उभा राहायचो, पाणी भलत्याच वाफ्यात शिरायचं, आणि तू पाण्यातून ओरडायचास, "किसना, तुह्ये वांगे पोहून राह्यले!" तुझ्या जाळ्याचे डोळे चार बोटांचे. त्यातून निसटेल तो मासा लहान, त्याला जाऊ द्यायचं. दुसऱ्या गावचे लोक बारीक जाळी घेऊन यायचे आणि दुप्पट मासे न्यायचे. त्यावरून मी तुला खूप चिडवलं. तू म्हणायचास, "मले उद्याही मासे धराचे हाय ना बाप्पा."

उन्हाळ्यात नदीची धार तुटते आणि सगळ्या नदीचे मासे जीव मुठीत धरून त्या एका डोहात येऊन बसतात. तेव्हा जाळं टाकलं तर टोपल्या भरतात, आणि नेमकं तेव्हाच तुमचे लोक टाकत नसत. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, काठावर जांभळीची ओली फांदी रोवायची. फांदी रोवली की पहिला पूर वाहून जाईपर्यंत डोह झाकला. मग राजा आला तरी जाळं नाही. आणि फांदी रोवण्याआधी प्रत्येकानं गुडघाभर पाण्यात उभं राहून, वर्षभरात आपल्या हातून नदीचं काय वाईट झालं ते मोठ्यानं सांगायचं. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आपल्याला नुकती मिसरूड फुटत होती. तुझा बाप, एवढा मोठा मिशाळ माणूस, पाण्यात उभा राहून म्हणाला, "पुसाच्या महिन्यात बोटाएवढी मरळ मासोळी घरी नेली. चुकलो." मला हसू आलं. तू माझी मान धरून मला पाण्यात बुडवलंस. "हासतो कायले बे? कबूल कराले काय कमी हिंमत लागते?"

किती लागते ते आता कळतंय.

तीन वर्षांपूर्वीच्या वैशाखात माझ्या घरी सोयरे आले. आमच्या कमलचं लग्न ठरवायला. मुलगा सरकारी कचेरीत कारकून, माणसं शिकलेली, आणि मी बोलून गेलो होतो की आमच्या डोहातल्या मरळीसारखी मरळ सगळ्या वऱ्हाडात नाही. तुला सांगावा धाडला. तू आलास तो हात हलवत. डोह झाकून आठ दिवस झाले होते. सोयऱ्यांसमोर तू म्हणालास, "डोह झाकला हाय किसना."

"एका दिवसापुरता उघड," मी म्हणालो.

"डोह काय तुह्या घराचं कवाड हाय, पाहुने आले का उघडाले?"

सोयरे हसले. तेही तुझ्या बोलण्याला हसले, मला नव्हे. पण माझ्या कानाला ते कसं लागलं म्हणून सांगू! आपला दोस्त, आपल्या ओसरीवर उभा राहून, नव्या सोयऱ्यांदेखत नाही म्हणतो. तू निघून गेलास आणि मी हसत हसत पान लावलं. आतून मात्र जळत होतो.

त्याच आठवड्यात माझ्या विहिरीचं काम चाललं होतं. खडक लागला होता, सुरुंग लावणारा मिस्त्री बाहेरगावचा. त्याच दुपारी तो म्हणाला, "मालक, दोन कांड्या उरल्या हायेत. डोह जवळच हाय. घडीभराचं काम." त्यानं विचारलं होतं, सोनाजी. मी नाही म्हणू शकत होतो. मी म्हणालो, "न्या."

एवढा एकच शब्द. त्यानंतरचं सगळं त्या शब्दाचं आहे.

दोन आवाज झाले. मिस्त्रीनं पळसाच्या पानांनी झाकून दोन टोपल्या आणल्या. सोयऱ्यांनी बोटं चाटली. एकानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, 'दोस्तानं पाठवली शेवटी.' तुझं नाव मी तिथं वापरलं. मी स्वतःही जेवलो. कमलची आई मात्र डोकं दुखतं म्हणून पानावर बसली नाही.

दुसऱ्या दिवशी डोह पांढरा दिसत होता. मोठे होते ते दोन टोपल्यांत गेले, आणि बाकी सगळं तिथंच. बोटाएवढ्या वामी, नखाएवढे शिंगाडे मासे, पोटात अंडी असलेल्या मरळी. सुरुंगानं मेलेला मासा निम्मा तळाशी जातो आणि मग दिवसादिवसानं वर येतो, हे मला तेव्हा कळलं. आठ दिवस ते वर येत राहिले. बायकांना पाण्यासाठी वाळूत झिरे खोदावे लागले. तू टोपलीनं मेलेले मासे काढत होतास आणि काठावर खड्डा करून पुरत होतास. मीही तुझ्याबरोबर काढले. तुला वाटलं, दोस्त आहे म्हणून आला.

खड्डा बुजवताना तू म्हणालास, "मी घरातच होतो किसना. आवाज आयकले. मले वाटलं, तुह्या विहिरीले पानी लागलं. मी पारबतीले म्हनलंही, लागलं बाप्पा एकदाचं."

तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हा बोललो असतो तर तू मला पुन्हा पाण्यात बुडवलं असतंस आणि प्रकरण मिटलं असतं. मी फावड्यानं माती ओढत राहिलो.

तू सडकेवाल्यांवर संशय घेतलास. रिसोडच्या सडकेसाठी दगड फोडणारी टोळी होती, तिच्याकडं सुरुंगाचं सामान. भर बाजारात तू त्यांच्या मुकादमाची गचांडी धरलीस. तो बिचारा देवाच्या शपथा घेत होता. तुम्हाला सोडवायला जे चौघे धावले, त्यांत मी होतो. तुझा हात त्याच्या गळ्यावरून मीच काढला आणि तेव्हाही गप्प राहिलो.

पुढं पूर आला, गेला, आणि डोहात काही आलं नाही. बी असेल तर उगवेल ना. तुझं चार बोटांचं जाळं कोरडंच वर यायचं. मग तू रिसोडच्या बाजारात सुकट विकायला बसू लागलास. भोयाचा पोरगा आणि समुद्राची वाळली मासळी विकतो, म्हणून लोक तुला हसले. तू माझ्या भाजीच्या पालाशेजारी पाल मांडलंस आणि म्हणालास, "चला, आता तुह्ये वांगे न् माही सुकट. कालवन एकाच जागी झालं." मी इतका मोठ्यानं हसलो की गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. ते हसणं नव्हतं रे.

आपला वाद सुरू झाला तो त्या पालात. अकोल्याहून पोती यायची आणि तू विकायच्या आधी ती निवडत बसायचास. सुकट कोण निवडतं? पण तू मूठभर घ्यायचास, तळहातावर पसरायचास आणि नखानं बाजूला सारायचास. एकदा मला म्हणालास, "हे पाह्य. हे झिंगे लहानच असते, त्याचं काही नाही. पन हे पाह्य. याचं नाव मले येत नाही, पन हे पोट्टं हाय."

"कशावरून?"

"आंगापेक्षा डोकं मोठं हाय. लेकराचंच तसं असते."

समुद्र तू कधी पाहिला नव्हता. अकोल्याच्या पलीकडं तू गेला नव्हतास. पण दर पोत्यामागे तुझी तक्रार वाढत गेली. यंदा पोरं जास्त. यंदा तर नुसती पोरंच. "तठीही कोनी बारीक जायं टाकून राह्यलं किसना." मी म्हणायचो, अरे, समुद्र म्हणजे काय तुझा डोह आहे? त्याला अंत नाही, तळ नाही. मूठभर सुकटीवरून तू समुद्राचं निदान करतोस? तू म्हणायचास, समुद्रालाही डोह असणार. कुठंतरी त्यांची अंडी घालायची जागा असेल, आसरा असेल. "सारं पानी मासोळीले सारखं नसते. तो डोह कोन झाकते, ते इचार कोनाले तरी." मी तुला बह्याड, येडा म्हणायचो. वाद संपला नाही. तो आपण पुढच्या बाजारावर ढकलायचो.

मध्येच आपला वऱ्हाड मुंबई राज्यात गेला आणि आमच्या जावईबापूंची बदली पार समुद्रकाठी झाली. या फाल्गुनात कमलला पहिल्या बाळंतपणासाठी आणायला मी निघालो. तू वाशीमच्या स्टेशनवर पोचवायला आलास आणि गाडी हलताना खिडकीला धरून चालू लागलास. "इचारशीन ना रे? इसरू नोको."

मी विसरलो नाही सोनाजी. जावयाचं बिऱ्हाड खाडीच्या तोंडाशी होतं. पहिल्या दिवशी समुद्र बघून मी गांगरलो आणि मनात म्हणालो, जिंकलो. याला काय होणार आहे? दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूत फिरायला गेलो. होड्या लागल्या होत्या, एकदोन इंजिनाच्याही. कोळणी मोठी मासळी निवडून पाट्यांत भरत होत्या. आणि बाजूला ढीग होते. राखेच्या रंगाचे, कमरेएवढे. वास तोच, आपल्या खड्ड्याचा. मी जवळ गेलो. सगळी पोरं. कोणी म्हणालं, यातलं थोडं नारळाला खत म्हणून जातं, बाकी भरतीला वाहून जाईल. मी मूठभर उचलून तुझ्यासारखी तळहातावर पसरली. अंगापेक्षा डोकी मोठी होती.

एक म्हातारी कोळीण जाळं शिवत बसली होती. तिला तुझा प्रश्न विचारला, जरा लाजतच. वाटलं, हसेल. ती हसली नाही. खाडीकडे बोट करून म्हणाली, "थं खारीत तिवरांची झारां हान ना, त्यांत येतं म्हावरं अंडी घालाला. आता ती झारांच तोरतान सरपनाला." तिवरं म्हणजे खाऱ्या पाण्यात पाय रोवून उभी असतात ती झाडं. मी जावईबापूंना घेऊन पाहायला गेलो. अर्ध्या खाडीत नुसते खुंट होते, आणि खुंटांमधल्या चिखलाच्या पाण्यात केसाएवढी पिल्लं चमकत होती.

तुझं खरं होतं. समुद्रालाही डोह होता, आणि तो कोणी झाकत नव्हतं. मी त्या चिखलाशी बसलो आणि रडलो. जावईबापूंना वाटलं, लेकीच्या आठवणीनं. लेक तर घरातच होती.

परतीच्या सगळ्या प्रवासात मी शब्द जुळवत आलो. आधी समुद्राचं सांगायचं, मग म्हणायचं, आणि सोनाजी, आपल्या डोहाचंही एक आहे. गावात पाऊल ठेवलं तर तू अंथरुणावर. छातीत कफ, डोळे खोल. मला बघून तू पहिलं विचारलंस ते स्वतःच्या दुखण्याचं नाही.

"समुद्राले डोह हाय का रे?"

हो म्हणालो असतो तर पुढचं सगळं त्याच दमात बाहेर पडलं असतं. पारबती वहिनी पायाशी बसल्या होत्या. वैद्य दारात होता. मी म्हणालो, "समुद्र लय मोठा हाय सोनाजी. त्याले काय होत नाही."

"बरं झालं बाप्पा," तू म्हणालास आणि डोळे मिटलेस. मी तुला खोटं समाधान देऊन पाठवलं. लोक काल तेच समाधान म्हणत होते.

तू मला काय काय दिलंस, हे लिहायला बसलो होतो. पुरात माझी बैलजोडी तू काढलीस. कमलला पोहायला तू शिकवलंस. माणसानं पोटापुरतं घ्यावं आणि उरलेलं पाण्यात सोडावं, हे मी पोथीत शंभरदा वाचलं असेल, पण प्रत्यक्षात ते तुझ्या जाळ्याच्या डोळ्यांतून पाहिलं. आणि मी तुला काय दिलं, तर सुकटीचं पोतं.

एवढं लिहून काल कागद घडी करून ठेवला होता. आज तुझ्या घरी गेलो. वहिनी अंगणात बसल्या होत्या, तुझं जाळं उन्हात पसरलेलं. माझ्या हातातला कागद बघून म्हणाल्या, "काय हाय भाऊजी?"

"सोनाजीले लिहिलं."

"मंग वाचा. त्यायले कुठं वाचता येत होतं? तुमीच वाचत होते."

मी उभ्यानं सुरू केलं. 'न्या' या शब्दाशी थांबलो. खाली बसलो आणि पुन्हा वाचलं. वहिनी जाळ्याची एक गाठ चाचपत ऐकत राहिल्या. माझं वाचून संपलं. मला वाटलं, आता उठून आत जातील आणि दार लावून घेतील. तेही मी घेतलं असतं.

मग त्या म्हणाल्या, "सडकेचं काम त्या आठवड्यात बंदच होतं भाऊजी. त्यायले मागून समजलं. मागच्या अखाजीले पान्यात उभं राहून त्यायनं सांगतलं साऱ्यायले, का म्या बिनगुन्ह्याच्या मानसाच्या गळ्याले हात घातला, चुकलो. तुमी नोते."

मी नव्हतो. त्या वैशाखानंतर मी एकाही अखाजीला डोहावर गेलो नाही. मळ्यात काम आहे म्हणायचो. मळा डोहाला लागून आहे.

"सडकेवाले नाहीत, मंग कोन, ते बोलले कदी?" मी विचारलं.

"नाही. फक्त त्या दिवशी फांदी लवकर लावेना. ऊन चढलं, लोक कंटाळले. मी म्हनलं, लावा ना, कायची वाट पाहून राह्यले? तर मळ्याकडं पाहत म्हने, थांब जरासक, येईन तो."

सोनाजी, मी त्या वेळी मळ्यातच होतो. वांग्यांना पाणी देत होतो. तुमची माणसं मला काठावर दिसत होती, आणि मी तुमच्याकडे पाठ करून उभा होतो.

वहिनींनी जाळं गोळा केलं. उठताना म्हणाल्या, "परवा अखाजी हाय. औंदा डोहात थोडी मरळ दिसून राह्यली. त्यायच्या मागं फांदी लावाले कोनी नाही, आळीतले पोरं म्हनतात कायले झाकाचा. तुमी लावा. पन आंधी सांगा, मंग लावा."

मी बरं म्हणालो. जांभळीची फांदी त्याच सकाळी तोडावी लागते, सुकलेली चालत नाही, हे तुझंच सांगणं. परवा मी पाण्यात उतरेन, गुडघ्यापर्यंत. काठावर सगळं गाव असेल, कमलला बघायला व्याही येणार आहेत तेही असतील. कोणी हसलं तर या वेळी त्याला पाण्यात बुडवायला तू नाहीस. तू वाट पाहिलीस तेवढी ऊन चढेपर्यंतची वाट मी लोकांना पाहायला लावणार नाही.